मीठ, कोळसा आणि हिरवी वायर

वाडी, कुडपणच्या अलीकडे
६ जानेवारी २०२५

चि. सारिका,

तुला, तुझ्या टेस्टरला आणि त्या डगमगत्या शिडीलासुद्धा माझे आशीर्वाद.

तू महाडला परतलीस त्या संध्याकाळपासून घरात सगळे दिवे व्यवस्थित लागले आहेत. मोरीतही! इतकी वर्षं मोरीत चिमणी घेऊन जायची सवय, अजून हात आधी कोनाड्याकडेच जातो आणि मग आठवतं की आता बटण आहे. शेवटच्या दिवशी मला उमरठच्या लग्नाला जावं लागलं, त्यामुळे परसात तू काय काम केलंस ते बघायचं राहून गेलं. बाकी सगळं मी खुर्ची टाकून बघितलं आहे.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की ते शिट्टी मारतं, आणि रेंज हवी तर देवळामागच्या कातळावर चढावं लागतं. तिथे उभं राहून "काय? काय?" ओरडण्यापेक्षा कागद बरा. जन्मभर अंगणवाडीत रजिस्टरं लिहिली, हाताला वळण आहे. वस्तीच्या एसटीचा कंडक्टर सुनील पत्रं खाली नेईल आणि तुमच्या दुकानात पोचवील. तो माझ्याच अंगणवाडीतला, नाही म्हणायची त्याची हिंमत नाही.

आता कामाचं. तू शिडीवरून जे ओरडत होतीस ना, "फेज कुठाय", "न्यूट्रल तुटलंय", "एवढा लोड नको, ट्रिप होईल", "शॉर्ट झालं", त्यातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही. नळावर बाया विचारतात, "बाय, तुमची भाची काय बोलत व्हती?" आणि मी नुसती हसते. ज्या बाईने सगळ्या वाडीला मुळाक्षरं शिकवली तिने नुसतं हसायचं, हे शोभत नाही. तर एकेक शब्द नीट समजावून लिही.

यात तुझाही फायदा आहे. देवळाच्या सभामंडपाच्या वायरिंगसाठी मी बैठकीत तुझं नाव घातलं आहे. भरतला त्याच्या ओळखीचा मुंबईचा माणूस आणायचा आहे. भरत म्हणजे माझ्या जावेचा, येसूचा मुलगा, मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. शेवटी असं ठरलं की आधी प्रयागबाईच्या घरचं काम कसं टिकतं ते बघू, मग शिमग्याच्या आधी निर्णय घेऊ. म्हणजे माझं घर ही तुझी परीक्षा आहे. येसूला हे फारसं रुचलेलं दिसत नाही. फणसाच्या फांदीवरून आमचं गेल्या पावसाळ्यात वाजलं, ते अजून धुमसतंय. असो.

तुझी,
प्रयागआत्या


महाड
११ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. सुनीलदादाने पत्र दुकानात सगळ्यांसमोर दिलं आणि वर म्हणाला, "बाईंनी उत्तर मागितलंय, शुद्धलेखन तपासतील." सुहासदादा म्हणजे आमचे मालक, ते अजून हसतायत.

सभामंडपाचं तेवढं मी दोनदा वाचलं. आत्या, ते काम मिळालं तर माझ्या एकटीच्या नावावरचं पहिलं काम असेल. आतापर्यंत जिथे जाते तिथे लोक माझ्या मागे बघतात, "मिस्त्री कुठाय?" मीच मिस्त्री, असं सांगून तोंड दुखलं. तेव्हा परीक्षेत मला पास कर.

आता शब्द.

फेज म्हणजे जिच्यातून लाईट येते ती तार. टेस्टर लावला की पेटतो. हिला हात लावायचा नाही. न्यूट्रल म्हणजे तीच लाईट काम करून परत जाते ती वाट. न्यूट्रल तुटलं तर टेस्टर पेटतो पण दिवा लागत नाही, आणि नवखा माणूस दिवसभर डोकं खाजवत बसतो. लोड म्हणजे तू एका वेळी किती वस्तू चालवतेस. झेपेल त्याहून जास्त झालं की बोर्डातला खटका आपोआप खाली पडतो, तेच ट्रिप. ते बिघडणं नाही, उलट त्याने घर वाचवलं असं समज. आणि फेज नि न्यूट्रल मधलं काम न करता वाटेतच एकमेकींना भेटल्या की शॉर्ट. मग ठिणगी, धूर आणि आमच्यासारख्यांना बोलावणं.

राहिलं अर्थिंग. प्रत्येक बोर्डात तिसरी हिरवी वायर आहे, ती परसातल्या खड्ड्यातल्या पाइपाला जोडली आहे. तिचं काम मोठं आहे पण रोज दिसत नाही. उन्हाळा आला की पाइपापाशी तांब्या-तांब्याने पाणी घालत जा. माती ओली राहायला हवी. एवढंच.

गिरणी कधी येतेय? पहिलं पीठ माझ्यासाठी ठेव.

तुझी,
सारिका


वाडी
२० जानेवारी

चि. सारिका,

तुझं पत्र नळावर वाचून दाखवलं. बायांना नुसतं फेज-न्यूट्रल सांगून कळेना, म्हणून मी आपल्या पद्धतीने सांगितलं. संध्याकाळी वर येते ती एसटी म्हणजे फेज, सकाळी खाली जाते ती न्यूट्रल. दरड आली आणि उतरायचा रस्ता बंद झाला तर गाडी दारात उभी असूनही कुणाचं काम होत नाही, ते न्यूट्रल तुटणं. आणि आंबेनळी घाटाच्या वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की शॉर्ट. सगळ्यांना पटलं. परवा येसूच्या घरातला दिवा गेला तर समोरची म्हातारी खात्रीने म्हणाली, "दरड आली आसंल." बल्ब गेला होता.

गिरणी आली. एक एचपीची मोटर आहे, गुरगुरते पण कामाला चोख. पहिल्या दिवशी नाचणी दळली. आता पोलादपूरला पिशव्या घेऊन उतरायला नको. दुपारभर दारात बायांची रांग असते, आणि जी ती विचारते की वायरिंग कुणी केलं. मी तुझं नाव सांगते. दोनदा सांगते.

पाण्याचं म्हणालीस ते लक्षात आहे. पाणी घालायचंच आहे तर ते फुकट कशाला घालवा, म्हणून पाइपाभोवती अळू लावायचं ठरवलं आणि माती थोडी उकरली. अळू लावलं नाही. कंद चांगले नव्हते.

एक सहज विचारते. मी उमरठला गेले त्या दिवशी माझ्या परसात कोण कोण आलं होतं? येसू आली होती का? सहज हं.

तुझी,
आत्या


महाड
२७ जानेवारी

प्रिय आत्या,

दरड आणि एसटी वाचून सुहासदादा म्हणाले, तुझ्या आत्याला आयटीआयमध्ये शिकवायला बोलवा.

येसूकाकीचं विचारलंस. आली होती म्हणजे काय! दिवसभर परसातच होती. मी तुला आधी सांगितलं नाही कारण तुमच्यात अबोला आहे, पण आता तूच विषय काढलास तर सांगते, माणूस फार चांगलं आहे गं. माझं सामान कमी पडलं तर धावत घरी गेली आणि निम्मं तिनेच आणलं. खड्ड्याच्या काठावर बसून स्वतःच्या हाताने आत टाकलं. वर मला म्हणाली, "प्रयागला सांगू नको गो, तिला आवडायचं नाय." मला गंमत वाटली. भांडणातही किती संकोच!

तेव्हा तूच पुढे होऊन बोल तिच्याशी. माझ्यासाठी एवढं कर.

तुझी,
सारिका

ता. क. अळूचे कंद मी पाठवू का? इथे बाजारात छान मिळतात.


वाडी
६ फेब्रुवारी

चि. सारिका,

अळू नको. कंदांना काहीही झालेलं नव्हतं. मी खोटं लिहिलं.

आता लपवत नाही. माती उकरली तेव्हा खाली काय सापडलं माहीत आहे? मिठाचे खडे आणि काळे कोळसे. एक थर याचा, एक थर त्याचा, मुद्दाम रचून ठेवल्यासारखे. सारिका, अंगणवाडीत बायांना मीच घसा फोडून सांगायची की करणी-बिरणी काही नसते, पोराला ताप आला तर अंगारा नको, डॉक्टरकडे न्या. अजूनही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण विश्वास नसला तरी आपल्याच परसात ते बघितल्यावर त्या रात्री मी दिवा मालवला नाही, हे खरं. कुणाला सांगायची सोय नाही. प्रयागबाई घाबरली, हे वाडीत कुणी ऐकलं तर मी तोंड कुठे दाखवू?

तरी मी थांबले. म्हटलं, सारिकाला विचारू. तर तुझं पत्र आलं की येसूने स्वतःच्या हाताने टाकलं आणि "प्रयागला सांगू नको" म्हणाली! आणि तू तिला चांगलं माणूस म्हणतेस, भोळी आहेस. माझ्या घरचं काम फसलं की सभामंडप भरतच्या माणसाला, हे मला कळत नाही का?

दोन गडी बोलावले आणि सगळं उपसून वहाळाच्या पाण्यात टाकलं. तो पाइपही उपटला, त्याला मीठ चिकटलं होतं. तुझी हिरवी वायर मात्र तोडली नाही. नीट गुंडाळून खुंटीला अडकवली आहे, काळजी करू नकोस.

आणि बघ, त्यानंतर काय व्हायला लागलं. गिरणीच्या पत्र्याला हात लागला की हाताला मुंग्या येतात. परवा एक बाई पीठ टाकून मागे सरली. आता लोक म्हणतायत, पोरीचं काम कच्चं. भरतच्याही कानावर गेलं आहे. तो रविवारी, २३ तारखेला मंडळाच्या लोकांना घेऊन बैठकीला येणार आहे. माझा तुझ्यासाठी जीव तुटतो.

काढून टाकलं तरी त्याचा परिणाम मागे राहतो का गं? तुमच्या शास्त्रात याला काही शब्द आहे का?

तुझी,
आत्या


महाड, दुकानातून
७ फेब्रुवारी

आत्या,

आहे शब्द. अर्थिंग. आणि ते तू वहाळात टाकलंस.

आधी मेन बंद कर. मीटरखालचा मोठा खटका, खाली पाड. मग पुढचं वाच. हे पत्र सुनीलदादा तुझ्या हातात देईल आणि तू खटका पाडल्याशिवाय दारातून हलणार नाही, असं त्याने कबूल केलं आहे. मी येईपर्यंत चिमणी लाव.

मीठ मी टाकलं. कोळसे मीच येसूकाकीकडून टाकून घेतले. प्रत्येक अर्थिंगच्या खड्ड्यात पाइपाभोवती मीठ आणि कोळशाचे थर देतात, जमीन ओल धरते म्हणून. मोटरच्या आत कुठेतरी थोडी गळती असणार. हिरवी वायर खड्ड्यात होती तोवर ती गळती गपचूप जमिनीत जात होती. तू वायर खुंटीला टांगलीस, तर तिला वाट राहिली ती तुमच्या हातांची. आम्ही याला बॉडीला करंट येणं म्हणतो. आज मुंग्या आल्या, उद्या ओल्या हाताने कुणी धरलं असतं तर?

मी पाणी घाल म्हणून लिहिलं आणि आत काय आहे ते लिहिलं नाही. आमच्यासाठी ती रोजची गोष्ट, सांगायचं सुचलंच नाही. चूक माझी पण आहे.

उद्याच्या गाडीने येते. येसूकाकीला काही बोलली नसशील तर बोलू नकोस. बोलली असशील तर देव तुझं भलं करो.

सारिका


महाड
१४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सुखरूप पोचले. मोटरच्या आत वायरचं कातडं एका जागी घासलं गेलं होतं, ते मी बदललं हे तू बघितलंसच. नवा पाइप, नवा खड्डा, आता काळजी नाही.

पण एक तुला सांगितलं नव्हतं. निघताना कातळावर चढून मी भरतदादाला फोन केला. म्हटलं, अर्थिंगचा नट माझ्याकडून ढिला राहिला होता, आता पक्का केला. तो म्हणाला, "सारिका, तू मेहनती आहेस, पण देवळात पोरंबाळं येतात. रिस्क नको." त्याचं चूक नाही. मीही त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

तू बैठकीत काही बोलू नकोस. वाडीत तुझ्या शब्दाला वजन आहे. तुझ्या सांगण्यावरून बाया पोरांना डोस पाजायला आणतात. प्रयागबाईंनी करणी समजून अर्थिंग उपटलं, हे ऐकल्यावर उद्या कुणीही तुला तोंडावर ऐकवील. माझं काय, आज ना उद्या दुसरं काम मिळेल. खरं सांगायचं तर उतरताना एसटीत रडू आलं. पायथ्याला पोचेपर्यंत थांबलं. सुनीलदादाने तिकीट काढायला मुद्दाम उशीर केला.

येसूकाकीशी मात्र तू बोल. मी खड्डा खणत होते तेव्हा ती दारात पाठ करून बसली होती, आणि या वेळी कोळसे मला पोलादपूरहून आणावे लागले. ते बरोबर वाटलं नाही.

तुझी,
सारिका


वाडी
२४ फेब्रुवारी

चि. सारिका,

तुझा नट ढिला नव्हता, माझा होता. असं खोटं पुन्हा माझ्यासाठी बोललीस तर कान पिळीन, मिस्त्री असलीस तरी.

आधी येसूकडे गेले. ओटीवर बसले आणि कसं सुरू करावं ते सुचेना, म्हणून सरळ विचारलं, "येसू, त्या दिवशी खड्ड्यात टाकलेस ते कोळसे कसले होते गो?" तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "वळखलंस ना? मला वाटलंच. फणसाचे व्हते. तुझ्याच फांदीचे. पावसात तुला न विचारता तोडली, नि मग लाज वाटाय लागली. म्हटलं, तिचं लाकूड तिच्याच घराला लागू दे. म्हणून त्या पोरीला बोलले, प्रयागला सांगू नको. तू पाइप उपटून टाकलास तवाच समजले, हिला कळलं."

सारिका, मी तिचा हात धरला. मग सांगितलं की मला ती करणी वाटली होती. येसूने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "करणी? अगो, तुझ्यावर करणी करायला मला येळ हाय का? आणि येवढं मीठ वाया घालवीन?" मग जी हसत सुटली, ती पदर तोंडात कोंबून हसत राहिली. मलाही हसू आवरेना. पावसाळ्यापासून कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. जाताना तिने मला आंबोशी दिली.

आता बैठकीचं. रात्री झोपताना मी तुझंच म्हणणं मानलं होतं की गप्प बसायचं. सकाळी देवळात गेले, भरत उभा राहून सांगत होता, "सारिका आपलीच पोरगी आहे, पण काम प्रोफेशनल पाहिजे." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या बायांनी माझ्या गिरणीवर तुझं कौतुक केलं होतं, त्यांनीही. ते मला बघवलं नाही. मला वाटलं, माझा मान राखायला या पोरीने आपलं पहिलं काम सोडायचं, तर तो मान घेऊन मी काय लोणचं घालू?

म्हणून उठले. उठायच्या आधी कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं. लोक हसले तर निदान ऐकू यायला नको.

आणि सगळं सांगितलं. मीठ, कोळसे, रात्रभर जळता ठेवलेला दिवा, दोन गडी, वहाळ, खुंटीला टांगलेली वायर. अर्थिंग म्हणजे काय तेही सांगितलं. पागोळ्यांखाली आपण चर काढतो ना, छपरावरून कितीही पाणी पडलं तरी ते घरात न शिरता बाहेर जावं म्हणून, तसं ते आहे. सारिकाने चर नीट काढला होता, तो मी बुजवला आणि घरात पाणी आलं म्हणून गवंड्याला नावं ठेवली. करणी नसते हे मी तुम्हाला सांगत आले, ते आजही खरंच आहे. फक्त घाबरायला होतं तेव्हा कुणाला तरी विचारावं, हे सांगायचं राहिलं होतं. ते आता सांगते.

बोलून झालं आणि खाली बसले. सगळ्यांची तोंडं हलत होती, खांदे हलत होते. हसतच होते गं सगळे, येसू तर खांबाला धरून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात येसू उठून जवळ आली, माझी मूठ उघडून यंत्र घेतलं, स्वतःच्या हाताने माझ्या कानात घातलं आणि म्हणाली, "ऐक आता. भरत काय बोलतोय ते ऐक."

भरत म्हणत होता, "काकी, म्हणजे तिचं काम चांगलं असताना पोरीने स्वतःवर घेतलं? मग आमच्या मुंबईच्या माणसाला मी काय सांगायचं ते मी बघतो. सभामंडप सारिकालाच." मागून कुणीतरी म्हणालं, "पण खड्डा सगळ्यांसमोर खणायचा. काय टाकते ते दाखवून टाकायचं." आणि समोरची म्हातारी म्हणाली, "आणि त्या सगळ्या शब्दांचं सांगायचं. आमालाबी कळू दे." यावर सगळ्यांचं एकमत झालं. आपल्या वाडीत याआधी कशावर झालेलं मला आठवत नाही.

तेव्हा सामान घेऊन लवकर ये. शिमग्याची पालखी सभामंडपात यायच्या आधी दिवे लागले पाहिजेत. मीठ विकत आणू नकोस, प्रत्येक घरातून ओंजळभर यायचं ठरलं आहे. आज सकाळपासून येसू कोळसा पाडते आहे. फणसाचाच. कुठली फांदी तोडायची ते या वेळी मी अंगणात उभी राहून तिला बोट दाखवून सांगितलं, आणि तिने चुकून शेजारचीही तोडली. तीही मीच ओढून भट्टीपाशी नेली.

तुझी,
प्रयागआत्या